हमीच्या पुस्तकाची पैज

पैज लागली ओडिलच्या हॉटेलात, शुक्रवारी संध्याकाळी, आणि तिच्यात बटाटा आणला तो रोझेर गेरेतने.

खरा बटाटा नव्हे. आमच्या पेतीत-फूर्शच्या शाळेच्या आइस हॉकी संघाचा बटाटा. गोणपाटाचा माणसाएवढा झगा, आत कापूस ठासलेला, डोळ्यांना दोन भोकं आणि हातांना दोन. सामन्याला कुणीतरी तो घालून बर्फाच्या कडेला नाचायचं. हा झगा कधीच धुतलेला नाही, कारण धुतला की संघ हरतो अशी गावाची ठाम समजूत. आत शिरलेला माणूस बाहेर आला की घरचं कुत्रंसुद्धा त्याला ओळखत नाही, आणि बायको ओळखते पण तसं दाखवत नाही.

"हरेल त्याने कार्निव्हलच्या मिरवणुकीत बटाटा व्हायचं," रोझेर म्हणाला. "माझ्या बर्फ लोटायच्या ट्रकवर, मागे हौद्यात उभं राहायचं, आणि चर्चपासून पुलापर्यंत कर्ण्यातून ओरडायचं."

"काय ओरडायचं?" लोरेत सोसिएने विचारलं. तिचे डोळे आत्ताच चमकायला लागले होते.

"'रोझेर बरोबर होता!'"

"आणि तू हरलास तर 'लोरेत बरोबर होती!' तुझा आवाज तसाही रेड्यासारखा आहे, कर्णा लागणार नाही."

काउंटरवरची माणसं हसली. ओडिलने तव्यावरचे प्लॉय उलटले नाहीत, कारण प्लॉय उलटत नाहीत, आंबोळीसारखी जाळी पडली की तसेच काढतात. तिने ते ताटलीत घेतले, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि कलथा नवऱ्याकडे, म्हणजे रोझेरकडे, रोखला.

"न्यायाधीश मी. नवरा आहेस म्हणून सूट मिळणार नाही, आधीच सांगते."

"माहितीये. लग्नाला तीस वर्षं झाली, अजून मिळाली नाही."

आता ही भानगड काय होती ते सांगायला हवं. लोरेत म्हणजे गावच्या ग्रंथालयाची बाई. वय चोपन्न, केस पांढरे, डोकं मात्र सातवीतल्या कारट्याचं. एकदा तिने नगराध्यक्षांचा फोटो 'हरवलेलं मांजर, खूप प्रेमळ आहे' असं लिहून गावभर चिकटवला होता, आणि तीन जणांनी नगराध्यक्षांना फोन करून ते सापडल्याचं कळवलं होतं. पण पुस्तकांच्या बाबतीत ही बाई थट्टा करायची नाही. गेल्या वर्षी तिने गावचं ग्रंथालय एका मोठ्या मंडळात घातलं. अमेरिकेतल्या आमच्या मेन राज्यातली कितीतरी ग्रंथालयं त्यात होती, दक्षिणेच्या श्रीमंत कॉलेजांपासून समुद्रातल्या बेटावरच्या एका खोलीपर्यंत. करार सोपा होता. प्रत्येकाने काही पुस्तकं कायम सांभाळायची हमी द्यायची. त्या पुस्तकांच्या पाठीवर हिरवी टिकली चिकटवायची. एकाने हमी घेतली की बाकीच्यांनी आपली प्रत काढून टाकली तरी चालेल, मागेल त्याला हमीवाला पाठवणार. तीच तीच धूळ खाणारी पुस्तकं दहा गावांनी कशाला जपायची?

लोरेतने आपल्या वाट्याची पुस्तकं नीट ठेवली, बाकीची विकली, आणि जी कपाटं रिकामी झाली ती उचलून तिथे बैठकीची खोली केली. लाकडाची शेगडी, जुने सोफे, कॉफीचं भांडं. फेब्रुवारीत बाहेर थुंकी गोठते तेव्हा गावातले म्हातारे तिथे पत्ते कुटत बसायचे, पोरं गृहपाठ करायची, दोन बायका सबंध हिवाळा एकच पांघरूण विणायच्या. विधुर झालेला आल्सीद तर सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर उभा असायचा. घरी तो कुणाशी बोलणार, फ्रिजशी?

आणि ही खोली आता पणाला लागली होती. मंडळात राहायचं की बाहेर पडायचं, हे पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी ग्रंथालयाच्या कमिटीत ठरणार होतं. बाहेर पडलो तर सगळं पुन्हा आपणच सांभाळायचं, म्हणजे कपाटं परत आत आणि सोफे बाहेर. कमिटीत पाच माणसं. दोघं लोरेतच्या बाजूने, दोघं विरुद्ध. पाचवा रोझेर. बर्फ लोटायचा ठेका, बटाट्याच्या गाड्या आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत, असा त्याचा तीनपदरी धंदा.

"आपलं ते आपल्या घरात असावं," हे त्याचं मत. "पाच तासांवर कुठल्यातरी कॉलेजात माझं पुस्तक आहे म्हणे. माझी करवत मी पाच तासांवर ठेवतो का?"

"तू करवत तुझ्या मेव्हण्याकडे ठेवतोस," लोरेत म्हणाली. "गेली सहा वर्षं."

"तो वेगळा विषय आहे."

म्हणून पैज. रोझेरने एका पुस्तकाचं नाव सांगायचं, लोरेतने विकून टाकलेल्यांपैकी. लोरेतने ते मंडळातून मागवायचं. पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी ते याच काउंटरवर आलं पाहिजे, पान न् पान साबूत. आलं तर रोझेर शनिवारी हो म्हणेल आणि रविवारी बटाटा होईल. नाही आलं तर तो नाही म्हणेल आणि लोरेत गोणपाटात शिरेल.

"नाव सांग," लोरेत म्हणाली.

रोझेरने छताकडे बघून विचार करण्याचं नाटक केलं. नाटक वाईट होतं. ओडिलने तेव्हाच भुवई उचलली.

"'वरल्या नदीचे लाकूडतोडे'," तो म्हणाला. "थेओफिल मास्तरांनी लिहिलेलं."

जुनं पुस्तक होतं. नदीच्या वरच्या अंगाला जंगलात लाकूड तोडणाऱ्यांचे तळ असायचे, त्यांच्या हकिकती. मास्तरांनी स्वतः गोळा करून गावच्या छापखान्यात थोड्याच प्रती काढल्या होत्या. लोरेतने तिथल्या तिथे फोन काढून बघितलं आणि हसली.

"दक्षिणेच्या कॉलेजाची हमी आहे. बटाट्याच्या आत बनियन घालून ये हं, रोझेर, गोणपाट टोचतं."

रोझेर हसला नाही. थोडा गोरामोरा झाला, आणि प्लॉय न संपवता गेला. रोझेरने प्लॉय टाकून जाणं म्हणजे पाद्रीबाबांनी प्रार्थना अर्धवट सोडण्यासारखं होतं.

सबंध आठवडा लोरेत गावात मिरवली. शाळेत जाऊन बटाटा बाहेर काढला आणि वारा लागावा म्हणून रोझेरच्या गॅरेजसमोरच्या खांबाला टांगला. गळ्यात पाटी: 'वाट बघतोय.' आल्सीदने बैठकीच्या खोलीत पैजेवर पैज लावली, लोरेत हरली तर आपण दाढी काढायची. म्हातारे रोज विचारायचे, "आलं का गं?" आणि ती म्हणायची, "येतंय रे बाबांनो, निघालंय."

गुरुवारी मंडळाची गाडी आली. निळ्या खोक्यात, कागदात गुंडाळलेलं, पाठीवर हिरवी टिकली लावलेलं पुस्तक. लोरेतने ते हातात घेऊन बैठकीच्या खोलीत एक गिरकी मारली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आल्सीदने दाढी कुरवाळली.

मग ती आपल्या टेबलाशी बसली आणि पान न् पान उलटायला लागली, कारण ओडिल तपासणार हे तिला माहीत होतं. पहिली पानं होती. मधली होती. एका पानावर कुणाच्या तरी कॉफीचं गोल वळं होतं, चालायचंच. शेवटचं पान आलं, आणि त्याच्या मागे कागदाची बोटभर पट्टी. शिवणीला चिकटलेली. कडेने सरळ, धारदार ब्लेडने कापलेली.

पहिल्या पानावर छापलं होतं: 'शेवटी घडीचा नकाशा जोडला आहे.'

नकाशा गेला होता.

लोरेतने फोन उचलला. पलीकडे हॉलिस बॅबकॉक, कॉलेजच्या ग्रंथालयातला हमीवाल्या पुस्तकांचा माणूस. तो इतका सभ्य होता की लोरेतला त्याला छळल्याशिवाय राहवत नसे.

"हॉलिससाहेब, नकाशा कुठाय?"

"कसला नकाशा, बाई?"

तिने सांगितलं. पलीकडे कॉम्प्युटरच्या कळा कुटल्याचा आवाज आला.

"कुणीतरी मासे पकडणारा असणार," हॉलिस पडलेल्या आवाजात म्हणाला. "नदी, नकाशा... कधी कापला देव जाणे."

"तुम्ही हमी घेताना बघितलं नाहीत?"

"बघितलं की. यादी घेऊन कपाटासमोर गेलो. पुस्तक जागेवर होतं."

"उघडून?"

"बाई, पुस्तकं हजारो आहेत. आम्ही पाठ बघतो. पाठ दिसली की पुस्तक आहे असं धरतो."

लोरेत त्याला फाडून खाणार होती. तोंड उघडलंही होतं. मग तिची नजर समोरच्या कपाटावर गेली. तिथे तिची स्वतःची हमीची पुस्तकं, हिरव्या टिकल्या लावून, शिपायांसारखी ओळीत उभी. त्यांची तपासणी तिने कशी केली होती? कॉफीचा कप हातात घेऊन, पाठी बघत, एका दुपारी. एकही उघडलं नव्हतं.

"मीही तेच केलंय," ती म्हणाली.

"सगळ्यांनीच केलंय," हॉलिस म्हणाला. "आणि अजून वाईट सांगू? मी आत्ता बघतोय. हे पुस्तक उत्तरेच्या बाकी सगळ्या ग्रंथालयांकडे होतं. आमची हमी दिसल्यावर सगळ्यांनी आपापली प्रत काढली. एकाच उन्हाळ्यात."

म्हणजे असं झालं होतं की पंगतीला प्रत्येकाने म्हटलं, मीठ तो आणतोय, आणि तो रिकामी मिठाची बरणी घेऊन आला होता.

"आता?" लोरेतने विचारलं.

"नियम असा आहे की माझी प्रत अपुरी असं मी जाहीर करायचं. मग ज्याच्याकडे पूर्ण प्रत असेल त्याने हमी घ्यायची. पण कुणाकडे असेल असं वाटत नाही." तो घुटमळला. "बाई, तुमची ती पैज... मला तुमच्या गाडीवाल्याने सांगितलं. मी हे जाहीर सोमवारी केलं तरी चालेल. सोमवारपर्यंत कुणाला कळायचं कारण नाही."

बघा आता. सभ्य माणूसच असल्या खोड्या सुचवतो.

लोरेतने फोन ठेवला आणि विचार केला. विचार कसला, हात आपोआप ड्रॉवरकडे गेले. कात्री, गोंद, जुना कागद. शाळेच्या भिंतीवरच्या नदीच्या नकाशाची प्रत काढायची, चहात बुडवून शेगडीवर वाळवायची, त्या पट्टीला चिकटवायची. तिने याहून अवघड उद्योग केले होते. नगराध्यक्षांच्या फोटोला मिशा तिने इतक्या बेमालूम लावल्या होत्या की त्यांच्या आईनेही त्याच छान दिसतात म्हटलं. रोझेरला खाक कळणार! पुस्तक त्याने आयुष्यात उघडलं असेल तर ते ट्रकचं.

कागद चहात घालायला तिने कपही घेतला. बाहेर आल्सीद पत्ते पिसत होता आणि कुणाला तरी सांगत होता, "आपली लोरेत म्हणते ना येईल, म्हणजे येतंच."

तिने कप खाली ठेवला.

पैज जिंकायला हरकत नव्हती. रोझेरला फसवायला तर मुळीच नव्हती, ती तिची आवड होती. पण ही खोली तिने कशाच्या जोरावर रिकामी केली होती? दुसरीकडे कुणीतरी नीट सांभाळतंय, या एका शब्दावर. तो शब्द आतून कापलेला आहे हे माहीत असताना त्याच्यावर चहाचा कागद चिकटवायचा, आणि मग त्याच खोलीत बसून म्हाताऱ्यांना म्हणायचं, खुशाल बसा? तिला ते जमेना. म्हणजे हाताला जमलं असतं, पण बाकीची बाई ऐकेना. खोली वाचवायची तर खऱ्यावर वाचवू, ती मनाशी म्हणाली. कशी, ते तिला अजून माहीत नव्हतं, पण लोरेत सोसिएला कधी काही सुचलं नाही असं अजून झालेलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ओडिलच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. रोझेर काउंटरच्या टोकाला बसला होता, रविवारचा शर्ट घालून आणि सोमवारचं तोंड घेऊन. आठवडाभर खांबावरचा बटाटा बघून त्याची झोप उडाली होती.

लोरेत आत आली, पुस्तक काउंटरवर आपटलं. लोक ओरडले. रोझेरने डोळे मिटले.

"हरला!" आल्सीद ओरडला. "रोझेर हरला! माझी दाढी वाचली!"

"थांबा रे," लोरेत म्हणाली. "ओडिल, शेवटचं पान उघड."

ओडिलने हात पुसले, पुस्तक उघडलं, ती पट्टी बघितली, बोटाने चाचपली.

"हे काय?"

"नकाशा होता. कापलाय कुणीतरी. कॉलेजने बघितला नाही, मी बघितला नाही, कुणीच बघितला नाही. आम्ही सगळे पाठी बघत हिंडत होतो." तिने कंबरेवर हात ठेवले. "पुस्तक आलं, पण साबूत नाही. रोझेर जिंकला. मी हरले. रविवारी गोणपाट माझं."

आल्सीदचा हात दाढीवर गेला.

आता कुणालाही वाटेल रोझेर टेबलावर चढून नाचला असेल. तो हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की कुणीतरी त्याला बक्षीस म्हणून जिवंत साळिंदर दिलंय.

"तुला कसं कळलं?" तो शेवटी म्हणाला. "कापलाय ते."

"उघडून बघितलं."

"आणि सांगितलंस? मला कळलं नसतं."

"माहितीये. मी कात्रीसुद्धा काढली होती."

"मग?"

"मग काय, मग राहिलं. तुझ्यासाठी नाही, टेचात येऊ नकोस. उद्या कमिटीत तू नाही म्हणणार, म्हण. पण मी तिथे हेच सांगणार आहे. आमच्या कामात भोक आहे, आणि ते बुजवायचं कसं तेही मला ठाऊक आहे. सगळ्यांनी हमीची पुस्तकं उघडून बघायची, एकेक पान. एकट्या गावाला ते कधी कळलंच नसतं. तुझ्या घरातल्या करवतीचे दात गेले तर तुला सांगणारं कोण आहे?"

"करवत मेव्हण्याकडे आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

रोझेरने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो मान खाली घालून काउंटरवरची मिठाची बाटली फिरवत बसला. फिरवता फिरवता ती आडवी पडली.

तेव्हा ओडिलने कलथा खाली ठेवला.

"रोझेर," ती म्हणाली. "जा आणि आण."

"काय आणू?"

"तुला माहीत आहे काय. गॅरेजात ऑइलच्या डब्यांमागे ठेवलंयस ते. का मी जाऊ?"

"ओडिल, चारचौघांत..."

"चारचौघांतच. ऊठ."

तो उठला. लोक वाटेतून बाजूला झाले. लोरेतला काही कळेना, आणि असं तिच्या बाबतीत क्वचितच व्हायचं. थोड्या वेळाने रोझेर बर्फ झटकत परत आला. कोटाच्या आतून त्याने एक पुस्तक काढलं. तसलंच. पाठीला आमच्या ग्रंथालयाचा जुना शिक्का.

"उन्हाळ्यातल्या विक्रीत घेतलं," तो पुटपुटला. "तुझ्याच टेबलावरून. मला वाटलं हीच शेवटची प्रत. बाकी सगळ्यांनी काढलीये का, हे मी फोन करकरून विचारलं होतं."

"उत्तरेच्या सगळ्या ग्रंथालयांना फोन केलेस?" लोरेत म्हणाली. "तू?"

"पैज लावायची तर नीट लावावी."

"आणि दक्षिणेला?"

"तिकडे फोन लावला तर ते लोक इतकं सभ्य बोलतात की मला पुढचं विसरायला होतं."

म्हणजे या लबाडाने पुस्तक गॅरेजात दडवून मग पैज लावली होती! लोरेतने त्याच्याकडे अशा कौतुकाने बघितलं की ओडिललाही थोडं खटकलं. इतका चांगला डाव गावात दुसऱ्या कुणाला सुचू शकतो हे तिला माहीतच नव्हतं.

"उघड," ओडिल म्हणाली.

रोझेरने उघडलं. शेवटी नकाशा होता. पिवळा, घडीवर थोडा झिजलेला, पण पुरा. त्याने तो काउंटरवर उलगडला आणि ताटल्या बाजूला करता करता काउंटर पुरेना. नदी, तिचे सगळे फाटे, आणि फाट्याफाट्यावर मास्तरांच्या बारीक अक्षरात तळांची नावं. पहिल्यांदा आल्सीद पुढे झाला, चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन.

"हा बघा! दोघा भावांचा तळ! माझा बाप इथे स्वयंपाकी होता!"

"तुझ्या बापाने इथे लोकांना आजारी पाडलं," दुसरा म्हणाला. "माझ्या आजोबांनी सांगितलंय."

"हा धबधबा आता धरणाखाली गेला."

"आणि हे काय, 'गेरेत यांचा तळ'? रोझेर, तुझे का रे?"

रोझेर वाकून बघत होता. मघापासून बघत होता. बोट त्या नावावर होतं, आणि कागदाला लागू नये म्हणून हवेत होतं, तेलाचा हात असल्यामुळे.

"एवढंच आहे ना आता?" त्याने लोरेतला विचारलं. "साबूत असं एवढंच?"

"बहुतेक. आणि ते ऑइलच्या डब्यांमागे आहे."

"डबे बंद असतात."

"मार्चमध्ये तुझ्या गॅरेजात पाणी शिरतं, रोझेर," ओडिल म्हणाली. "दरवर्षी."

तो नकाशाची घडी घालायला गेला, पण तेलाच्या हाताने कागद धरवेना. लोरेतने घालून दिली.

"आता त्या कॉलेजवाल्याचं काय?" तो म्हणाला.

"तो हमी सोडणार. पूर्ण प्रत असेल तो घेणार. तो ठेवणार, सांभाळणार, आणि मागेल त्याला दाखवणार. कुणाला घ्यावीशी वाटली तर." ती एवढंच म्हणाली आणि गप्प बसली. गप्प बसणं तिला सगळ्यात अवघड जायचं, पण कधी गप्प बसायचं हे तिला कळत होतं.

रोझेरने पुस्तक उचललं. परत खाली ठेवलं. मग ते लोरेतपुढे सरकवलं, बोटभर.

"फुकट नाही देणार."

"बोल."

"एक. बटाटा तूच होणार."

"मी नाही कुठे म्हटलं?"

"दोन. उद्या मी हो म्हणेन, पण कमिटीच्या कागदावर लिहायचं की हमीचं प्रत्येक पुस्तक उघडून बघायचं. मी स्वतः येऊन बसणार, मंगळवारी. त्या शेगडीजवळची जागा माझी."

"शेगडीजवळ मी बसतो," आल्सीद म्हणाला.

"मंगळवारी सरकायचं."

"आणि तीन?" लोरेतने विचारलं.

"तीन नाही. तीन सुचत नाहीये." त्याने पुस्तक पुरतं सरकवलं. "हात धुवून घे आधी."

शनिवारी सकाळी कमिटी बसली आणि रोझेरने हात वर केला, इतका वर की दुसऱ्या बाजूचे दोघे त्याच्याकडे वेड लागल्यासारखे बघत राहिले. त्याने त्यांना पाव तास पाठ आणि पोट यातला फरक समजावला. जणू काही हे सगळं त्यालाच सुचलं होतं. लोरेतने सुचू दिलं. मत झालं तीन विरुद्ध दोन. दुपारी तिने पुस्तकाच्या पाठीवर हिरवी टिकली चिकटवली आणि हॉलिसला फोन करून सांगितलं, हमी आता पेतीत-फूर्शची, आणि तुमची सगळी हजारो उघडायला लागा, साहेब.

"लागतो," हॉलिस म्हणाला. मग थोडं थांबून, "मिरवणूक किती वाजता आहे?"

रविवारी इतकी थंडी होती की श्वास मिशीवर गोठून बसायचा. चर्चसमोर रोझेरचा ट्रक उभा, लाल, धुतलेला, हौद्याला रंगीत कागद. लोरेत बटाट्यात शिरली तेव्हा आतून असा एक शब्द ऐकू आला की पाद्रीबाबा दुसरीकडे बघायला लागले. मग गोणपाट डुलत डुलत हौद्यावर चढलं.

तेवढ्यात दारावर दक्षिणेच्या कॉलेजाची पाटी असलेली एक छोटी गाडी घसरत येऊन बर्फाच्या ढिगात रुतली. तिच्यातून एक उंच, किडकिडीत माणूस उतरला, पायात ऑफिसचे बूट, आणि तिसऱ्या पावलाला आपटला. उठला, टाय नीट केला आणि ट्रकपाशी आला.

"लोरेतबाई कुठे आहेत?"

"इथे, आत," बटाटा म्हणाला. "तुम्ही हॉलिस? मला वाटलं तुम्ही बुटके असाल."

"नकाशा माझ्या कपाटात नव्हता," तो म्हणाला. "तेव्हा अर्धा दंड माझा. मंडळ आहे ना आपलं."

गर्दीत खसखस पिकली. रोझेर ट्रकमधून उतरून त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघत राहिला.

"पाच तास गाडी चालवून आलास? यासाठी?"

"साडेपाच. बर्फ होता."

"हे बूट घालून?"

"माझ्याकडे हेच आहेत."

रोझेरने ओडिलकडे बघितलं. ओडिल हॉटेलात गेली आणि बाकावरची मोठी पिवळी चौकोनी उशी घेऊन आली. दोरीने ती हॉलिसच्या छातीला घट्ट बांधली, टायच्या वरून.

"हे काय?" हॉलिसने विचारलं.

"लोणी," ओडिल म्हणाली. "चढ वर."

रोझेरने आपले फरचे बूट काढून त्याला दिले, स्वतः मोज्यांवर ट्रकमध्ये जाऊन बसला आणि भोंगा वाजवला. मिरवणूक हलली. पुढे शाळेचा बँड, मागे बर्फगाड्या, मध्ये हौद्यात एक बटाटा आणि त्याला धरून उभा राहिलेला लोण्याचा गोळा. दुतर्फा गाव. आल्सीद, दाढी काढलेला, कारण हरला तो हरलाच, हनुवटी मफलरमध्ये लपवून टाळ्या वाजवत होता.

लोरेतने गोणपाटाच्या भोकातून कर्णा बाहेर काढला.

"रोझेर बरोबर होता!" ती ओरडली.

"अर्धाच!" लोणी ओरडलं.

ट्रकच्या खिडकीतून रोझेरचा हात बाहेर आला आणि वर उठला. "मोठ्याने!" तो ओरडला. "पुलापर्यंत ऐकू जायला पाहिजे!"

आणि बटाट्याने छाती भरून श्वास घेतला, त्या झग्यात घेता येईल तेवढा, आणि पुलापर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.